पांढरी बाहुली : जिवंत डोळ्यात डोकावण्याची चारशे वर्षे

१/
सन १५९७. नेदरलँड्समधील लायडन येथे शरीररचनाशास्त्र शिकवणारे पीटर पाव यांनी एका तीन वर्षांच्या बालकाच्या डाव्या डोळ्यातील गाठीचे वर्णन लिहून ठेवले. गाठ डोळ्यापुरती राहिली नव्हती. खोबण व्यापून ती कानशिलाकडे आणि कवटीत शिरली होती. आत काय होते? मेंदूसारखा मऊ पदार्थ, त्यात घट्ट रक्त, आणि दगडाचा चुरा मिसळावा तसे काहीतरी.

२/
हा 'दगडाचा चुरा' लक्षात असू द्या. धाग्याच्या शेवटाकडे तो पुन्हा भेटणार आहे.

३/
या रोगाला आज रेटिनोब्लास्टोमा म्हणतात. डोळ्याच्या आतल्या मागच्या भिंतीवर प्रकाश टिपणारा जो पातळ पडदा असतो, ते दृष्टिपटल. त्याच्या अपरिपक्व पेशींपासून हा कर्करोग उद्भवतो. साधारण १५ ते २० हजार जन्मांमागे एका मुलाला तो होतो आणि बहुतेक रुग्ण पाच वर्षांच्या आतले असतात. उपचारांविना तो जीव घेतो. लवकर ओळखला तर बहुतेक मुले वाचतात. इतक्या दुर्मिळ रोगावर एवढा मोठा धागा कशाला, असे कोणी विचारील. कर्करोग मुळात कशामुळे होतो, या प्रश्नाचे एक मोठे उत्तर याच लहानग्यांच्या डोळ्यांतून मिळाले, म्हणून.

४/
आधी लक्षण. निरोगी डोळ्याची बाहुली काळी दिसते. या मुलांच्या बाहुलीत मात्र विशिष्ट कोनातून पाहिल्यास पांढरट, कधी पिवळसर चमक दिसते. अंधूक उजेडात बाहुली मोठी झालेली असते, म्हणून ती चमक संध्याकाळी, दिव्याच्या प्रकाशात अधिक जाणवते. एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी व्हिएन्नाचे नेत्रवैद्य गेओर्ग योसेफ बेअर यांनी अशा दृष्टिहीन, चमकणाऱ्या डोळ्याला 'मांजराच्या डोळ्याची' उपमा दिली होती. उपमा चपखल आहे. पण मांजराचा डोळा चमकतो तो प्रकाश परतवणाऱ्या एका निसर्गदत्त थरामुळे. इथे प्रकाश परतवते ती गाठ.

५/
एक विषयांतर. अशा धाग्याखाली 'हे आपल्याकडे आधीच ठाऊक होते' असा प्रतिसाद हमखास येतो. सुश्रुतसंहितेच्या उत्तरतंत्रात ७६ नेत्ररोगांची गणना आहे आणि ती खरोखरच थक्क करणारी आहे. परंतु त्यातील एखादे नाव उचलून त्यावर रेटिनोब्लास्टोमाची चिठ्ठी चिकटवणे मला पटत नाही. पांढरी बाहुली मोतीबिंदूतही दिसते. बाहेरून पाहून दोहोंतला भेद करणे कोणत्याही देशातल्या वैद्याला अवघडच होते. आत डोकावण्याचे साधन कोणाकडेच नव्हते.

६/
पाव यांच्यानंतर दोनशे वर्षे फारसे काही हलले नाही. डोळ्यातून बाहेर येणाऱ्या, रक्ताळलेल्या, मऊ गाठींना लीड्सच्या विल्यम हे या शल्यवैद्याने दिलेले 'फंगस हीमॅटोडिस' हे नाव चालत असे. म्हणजे रक्ताने भरलेली अळंबीसारखी वाढ. नाव दिसण्यावरून पडले होते. वाढ कुठून सुरू होते हे त्यात नव्हते.

७/
१८०९ मध्ये एडिंबरोचे सत्तावीस वर्षांचेही नसलेले शल्यवैद्य जेम्स वॉर्ड्रॉप यांनी या विषयावर एक ग्रंथ प्रसिद्ध केला. त्यांची रीत साधी होती. डोळे मिळवायचे, उभे कापायचे आणि गाठीचे मूळ कोणत्या थरात आहे ते पाहायचे. सूक्ष्मदर्शकाचे साहाय्य न घेता, केवळ सुरी आणि नजर यांच्या बळावर त्यांनी दोन गोष्टी मांडल्या. एक, मुलांमधील हा रोग बहुतेक वेळा दृष्टिपटलातून सुरू होतो. दोन, तो दृष्टीच्या नसेवाटे मेंदूकडे सरकतो.

८/
यातून त्यांनी काढलेला निष्कर्ष भयंकर वाटावा असा होता : गाठ डोळ्यात बंदिस्त असतानाच संपूर्ण डोळा काढून टाका.

साल पुन्हा पाहा. १८०९. ईथर देऊन भूल देण्याचा प्रसिद्ध जाहीर प्रयोग बॉस्टनमध्ये झाला तो १८४६ साली. तोवर शस्त्रक्रिया म्हणजे जागे मूल आणि त्याला घट्ट धरून ठेवणारी मोठी माणसे.

९/
समकालीनांनी वॉर्ड्रॉप यांचे म्हणणे सहजासहजी स्वीकारले नाही. त्यांना दोष देणे आज सोपे आहे. पण त्यांच्या बाजूने पाहा. मुले येत तीच उशिरा, डोळा बाहेर आल्यावर. तेव्हा डोळा काढला तरी रोग परतायचा आणि मूल दगावायचे. मग मरणाऱ्या लेकराला आणखी यातना का द्यायच्या? वॉर्ड्रॉप यांचे उत्तर होते, 'लवकर काढा.' पण लवकर ओळखायचे कसे, याचे साधन त्यांच्यापाशी नव्हते. सिद्धांत बरोबर होता आणि तरीही तो बराच काळ बिनकामाचा राहिला. इतिहासात असे अनेकदा घडते.

१०/
अडचण अशी होती की जिवंत माणसाच्या बाहुलीतून आत काहीच दिसत नाही. का दिसत नाही? बाहुलीमागे अंधार असतो म्हणून नव्हे. डोळ्यात शिरलेल्या प्रकाशाचा काही अंश ज्या वाटेने आला त्याच वाटेने परत जातो, म्हणजे दिव्याकडे. तो पाहायचा तर पाहणाऱ्याला दिव्याच्या जागी डोळा ठेवावा लागेल; आणि डोके तिथे नेले की ते दिव्याचा प्रकाशच अडवते.

११/
कोनिग्सबर्ग (आजचे रशियातील कालिनिनग्राड) येथे शरीरक्रियाशास्त्र शिकवणारे हर्मन फॉन हेल्महोल्ट्झ वर्गासाठी हेच समजावण्याची तयारी करत होते. वय २९. त्यांनी काचेच्या पातळ पट्ट्या तिरप्या बसवल्या. दिव्याचा प्रकाश त्यांवरून परावर्तित होऊन रुग्णाच्या डोळ्यात जाई आणि परतणारा प्रकाश त्याच काचांतून आरपार पाहणाऱ्याच्या डोळ्यात येई. डिसेंबर १८५० मध्ये बर्लिनच्या भौतिकी मंडळापुढे हा शोध मांडला गेला आणि १८५१ मध्ये त्याची पुस्तिका निघाली. हाच ऑप्थॅल्मोस्कोप.

१२/
इथे एक हळहळ लावणारी उपकथा आहे. गणनयंत्राची कल्पना मांडणारे चार्ल्स बॅबेज यांनी १८४७ मध्येच असे एक उपकरण बनवून लंडनचे नेत्रवैद्य व्हार्टन जोन्स यांना दाखवले होते. जोन्स यांना त्याचे महत्त्व कळले नाही. पुढे हेल्महोल्ट्झ यांची कीर्ती पसरल्यावर त्यांनी बॅबेज यांच्या उपकरणाची हकीकत छापली, हा त्यांचा प्रामाणिकपणा. तीन वर्षे मात्र गेली ती गेलीच.

१३/
आता जिवंत मुलाच्या डोळ्यात, बाहेरून काही बिघडलेले दिसण्याच्या आधी, गाठ पाहता येऊ लागली. भूलही आली होती. वॉर्ड्रॉप यांचा सल्ला अंमलात येण्याजोगा झाला. बर्लिनचे आल्ब्रेख्ट फॉन ग्रेफ यांनी आणखी एक आग्रह धरला : डोळा काढताना दृष्टीची नस जितकी लांब घेता येईल तितकी घ्या, कारण रोगाची मेंदूकडे जाण्याची वाट तीच. आजही डोळा काढल्यावर नसेचे कापलेले टोक सूक्ष्मदर्शकाखाली बारकाईने पाहतात. त्या टोकाशी रोग आहे की नाही यावर पुढचे सारे उपचार ठरतात.

१४/
नावाचा घोळ थोडक्यात सांगतो. १८६४ मध्ये रुडॉल्फ फिरशो यांनी गाठीला 'दृष्टिपटलाचा ग्लायोमा' म्हटले. १८९१ मध्ये सायमन फ्लेक्सनर यांना आणि १८९७ मध्ये हुगो विंटरस्टायनर यांना गाठीतील पेशी फुलाच्या पाकळ्यांसारख्या वर्तुळाकार मांडलेल्या दिसल्या. त्या रचनेला आजही दोघांचे नाव आहे. १९२२ मध्ये बॉस्टनच्या फ्रेडरिक व्हेर्होफ यांनी 'रेटिनोब्लास्टोमा' हा शब्द सुचवला आणि १९२६ मध्ये अमेरिकन ऑप्थॅल्मॉलॉजिकल सोसायटीने तो स्वीकारला. शंभराहून अधिक वर्षांनी नावातही वॉर्ड्रॉप यांचे म्हणणे उतरले.

१५/
आणि मग एक नवीन गोष्ट घडली, जी आधी घडणे शक्यच नव्हते. ही मुले मोठी होऊ लागली.

१६/
१८७२ मध्ये ब्राझीलचे नेत्रवैद्य इलारियो द गुव्हेया यांनी एका मुलाचा गाठ असलेला डोळा काढला. मुलगा जगला. तरुण झाला, त्याचे लग्न झाले. पत्नीच्या घराण्यात हा रोग नव्हता. त्यांना मुले झाली आणि त्यांतल्या दोन मुलींना दोन्ही डोळ्यांत तोच रोग झाला. दोघीही वाचल्या नाहीत. वडिलांना वाचवले म्हणूनच रोग पुढच्या पिढीपर्यंत पोहोचला. मेंडेलचे आनुवंशिकतेचे नियम तेव्हा छापलेले होते, पण कोणाच्या खिजगणतीत नव्हते. ते पुन्हा प्रकाशात यायला १९०० साल उजाडले.

१७/
दोन्ही डोळ्यांत गाठ असेल तर काय करायचे? दोन्ही डोळे काढले तर मूल वाचते, पण कायमचे अंध होते. या प्रश्नाने विसाव्या शतकातील डॉक्टरांना झोपू दिले नाही. क्ष-किरणांचा शोध १८९५ चा. १९०३ मध्येच टेक्सासमधील हिल्गार्टनर यांनी अशा एका मुलावर क्ष-किरणांचा प्रयोग केल्याचे नोंदवले. लंडनमध्ये फॉस्टर मूर यांनी गाठीत रेडॉनच्या बारीक नळ्या बसवल्या. त्यांच्या पाठोपाठ आले हायला स्टॅलर्ड.

१८/
स्टॅलर्ड यांच्यासाठी थोडे थांबू या. १९२४ चे पॅरिस ऑलिम्पिक आठवते? 'चॅरियट्स ऑफ फायर' चित्रपटातले? त्यात १५०० मीटर शर्यतीत पायाच्या हाडाला इजा असतानाही कांस्यपदक मिळवणारा इंग्लिश धावपटू तो हाच. सुवर्ण अर्थात पावो नुर्मीचे. पुढे हा माणूस नेत्रशल्यविशारद झाला आणि किरणोत्सर्गी कोबाल्टच्या लहान वक्र चकत्या डोळ्याच्या बाहेरच्या बाजूस, नेमक्या गाठीमागे, काही दिवस शिवून ठेवण्याची पद्धत त्याने घडवली. गाठ जळते, डोळा राहतो. चकतीचा धातू बदलला, पण कल्पना आजही वापरात आहे.

१९/
बाहेरून साऱ्या खोबणीवर सोडलेल्या किरणांची कथा मात्र इतकी सुखाची नाही. अनेक मुलांचे डोळे त्यांनी वाचवले. पण वर्षांनंतर त्यांतील काहींना किरण पडलेल्या भागात नवे कर्करोग होऊ लागले, विशेषतः हाडांचे. आनुवंशिक प्रकार असलेल्या मुलांत हे प्रमाण अधिक होते. ज्या पेशींचे एक संरक्षण जन्मतःच गेलेले, त्यांवरच आपण किरणांचा मारा करत होतो. हे संरक्षण म्हणजे काय, हे तेव्हा कोणालाच माहीत नव्हते. म्हणून याला हलगर्जी म्हणता येत नाही. किंमत मात्र मुलांनी मोजली. १९९० च्या दशकात औषधोपचार पुढे आले आणि बाह्य किरणोपचार मागे पडले.

२०/
पहिला धागा हाती आला तो १९६३ मध्ये. लेले, पेनरोज आणि स्टॅलर्ड (होय, तेच धावपटू) यांच्या नावाने लंडनहून एक लहानसा निबंध निघाला : रेटिनोब्लास्टोमा झालेल्या एका रुग्णाच्या एका गुणसूत्राचा तुकडा गळालेला होता. लेखकांतले पहिले नाव वाचून मराठी वाचकाची नजर क्षणभर थबकतेच. गळालेला भाग १३ व्या गुणसूत्राशी संबंधित आहे, हे पुढच्या काळात निश्चित झाले.

२१/
आता ह्यूस्टन, १९७१. आल्फ्रेड नडसन हे बालरोगतज्ज्ञ. त्यांनी प्रयोगशाळेत काहीही केले नाही. १९४४ ते १९६९ या काळातील ४८ रुग्णांच्या नोंदी काढल्या आणि एकच प्रश्न विचारला : रोग कोणत्या वयात कळला? दोन्ही डोळ्यांत गाठी असलेली मुले फार लहान वयात येत. एकाच डोळ्यात एकच गाठ असलेली मुले तुलनेने उशिरा येत. त्यांनी वयाचे आलेख काढले. पहिल्या गटाचा आलेख एकाच अपघाताने रोग व्हावा तसा सरळ उतरत होता. दुसऱ्याचा आलेख दोन अपघात लागावेत तसा वाकत होता.

२२/
कल्पना अशी. दाराला दोन कुलुपे आहेत. दोन्ही तुटल्याशिवाय चोर आत शिरत नाही. बहुतेकांच्या प्रत्येक पेशीत दोन्ही कुलुपे शाबूत असतात आणि एकाच पेशीतली दोन्ही तुटणे हा विरळा योग. पण काही मुले प्रत्येक पेशीत एक कुलूप तुटलेल्या अवस्थेतच जन्माला येतात. दृष्टिपटलात पेशी इतक्या असतात की कुठेतरी दुसरे कुलूप तुटतेच. नडसन यांच्या गणितानुसार अशा मुलात सरासरी तीन गाठी व्हाव्यात. सरासरी तीन असताना एकही न होण्याची शक्यता साधारण ५ टक्के निघते. म्हणजे तुटके कुलूप घेऊन जन्मलेल्यांपैकी मोजके असेच सुटतात आणि रोग एक पिढी गाळून पुढे गेल्यासारखा दिसतो. द गुव्हेया यांच्या रुग्णाचे कोडे शंभर वर्षांनी असे सुटले.

२३/
१९८६ मध्ये बॉस्टन परिसरातील स्टीफन फ्रेंड, रॉबर्ट वाइनबर्ग, थॅडियस ड्रायजा आणि सहकाऱ्यांनी ते कुलूप प्रत्यक्ष हाती घेतले : आरबी-१ हे जनुक. पेशीच्या बेसुमार वाढीला लगाम घालणारे, वेगळे काढण्यात यश आलेले हे पहिले जनुक. फुप्फुसांपासून हाडांपर्यंतच्या अनेक कर्करोगांत त्याचा बिघाड पुढे सापडला.

२४/
मग आज निदान होते कसे? शंका येताच लहान मुलाला भूल देऊन दोन्ही डोळे तपासतात. हो, दोन्ही, तक्रार एकाची असली तरी. बाहुल्या औषधाने मोठ्या करायच्या आणि दृष्टिपटल कडेपर्यंत पाहायचे. यासाठी डॉक्टर डोक्यावर बांधतात ते दोन डोळ्यांनी पाहायचे उपकरण बेल्जियमच्या चार्ल्स शेपेन्स यांनी दुसऱ्या महायुद्धाच्या सुमारास सिद्ध केले. हे गृहस्थ युद्धकाळात खोटे नाव धारण करून फ्रान्स-स्पेन सीमेवर लाकडाचा कारखाना चालवत आणि त्याच्या आडून माणसांना नाझींच्या तावडीतून सीमापार करत. त्यांच्यावर स्वतंत्र धागा लिहायलाच हवा.

२५/
यानंतर सोनोग्राफी. डोळ्यावर ध्वनिलहरींचा शोधक ठेवला की गाठीत पांढरे ठिपके चमकताना दिसतात. गाठीतील मेलेल्या भागांत साचलेले कॅल्शियमचे खडे ते. हे खडे रेटिनोब्लास्टोमाची मोठी खूण मानले जातात. पाव यांना १५९७ मध्ये दिसलेला 'दगडाचा चुरा' बहुधा हाच असावा. रोग नसेत किंवा मेंदूत गेला आहे का, हे एमआरआय सांगतो. सीटी स्कॅनमध्येही खडे उत्तम दिसतात, पण या मुलांना अनावश्यक क्ष-किरण द्यायचे नाहीत हा धडा आपण १९/ मध्ये पाहिला, म्हणून ते शक्यतो टाळतात.

२६/
एक गोष्ट मात्र करत नाहीत, आणि ती ऐकून नवखे विद्यार्थी चकित होतात. तुकडा काढून तपासणे. इतर बहुतेक कर्करोगांत बायॉप्सीशिवाय पान हलत नाही. इथे डोळ्यात सुई घातली तर तिच्या वाटेने पेशी बाहेर पसरू शकतात. बंदिस्त रोगाला आपणच दार उघडून दिल्यासारखे. म्हणून डोळ्याने पाहून आणि प्रतिमांवरून निदान करायचे आणि त्यावर विसंबून प्रसंगी मुलाचा डोळाही काढायचा. जबाबदारी मोठी आहे, कारण फसवणारे रोगही आहेत. १९०८ मध्ये लंडनच्या जॉर्ज कोट्स यांनी वर्णिलेला, रक्तवाहिन्या पाझरून दृष्टिपटल सुटण्याचा रोग हा त्यांतला मुख्य. कर्करोग समजून काढलेल्या डोळ्यांत मागाहून हा रोग सापडल्याची उदाहरणे वैद्यकीय साहित्यात आहेत. अलीकडे, उपचार सुरू असलेल्या डोळ्यांतील पुढच्या पोकळीतला द्रव घेऊन त्यात गाठीचे डीएनए शोधण्याची पद्धत विकसित होत आहे.

२७/
बेअर यांचा 'मांजराचा डोळा' आता मोबाइलमध्ये उतरला आहे. फ्लॅशच्या फोटोत निरोगी बाहुली लाल येते. एक लाल आणि दुसरी पांढरी आली की आई-वडील दचकतात. सावध करतो : कॅमेरा विशिष्ट कोनात असेल तर निरोगी डोळ्यातील नसेचा फिकट भागही पांढरा चमकतो. उलट, चमक नसतानाही नव्याने आलेला तिरळेपणा हे या रोगाचे दुसरे नेहमीचे लक्षण आहे. म्हणून फोटोवरून घरी निकाल लावायचा नसतो. नेत्रतज्ज्ञाकडे जायचे असते, आणि तेही त्याच आठवड्यात.

२८/
२०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका जागतिक अभ्यासात १५३ देशांतील ४,३५१ नव्या रुग्णांची माहिती एकत्र केली गेली. सर्वांत आढळणारे पहिले लक्षण तेच, पांढरी बाहुली. श्रीमंत देशांत निदानाचे मध्यक वय होते १४.१ महिने, सर्वांत गरीब देशांत ३०.५ महिने. रोग डोळ्याबाहेर पसरल्यावर आलेली मुले श्रीमंत देशांत १.५ टक्के, गरीब देशांत ४९.१ टक्के. वॉर्ड्रॉप यांना भेटत असलेली मुले अजून जगात आहेत. फक्त पत्ता बदलला आहे. लोकसंख्येमुळे जगात या रोगाचे सर्वाधिक रुग्ण भारतात आढळतात.

२९/
'कोलंबो' मालिकेतला तो तिरक्या नजरेचा गुप्तहेर आठवतो? अभिनेते पीटर फॉक यांचा उजवा डोळा ते तीन वर्षांचे असताना, याच रोगामुळे काढलेला होता. पावच्या त्या बालकाचेच वय.

३०/
आज एखाद्या घरात आरबी-१ मधला नेमका दोष ठाऊक असेल तर पुढच्या बाळाची रक्तचाचणी जन्मताच होते. दोष नसेल तर त्याला पुनःपुन्हा भूल देऊन तपासण्याची गरज उरत नाही. असेल तर पहिल्या काही दिवसांतच डोळे पाहतात आणि मग दर थोड्या आठवड्यांनी पाहत राहतात. गाठ टाचणीच्या डोक्याएवढी असताना लेसरने किंवा गोठवून नष्ट करता येते. द गुव्हेया यांच्या रुग्णाच्या त्या दोन मुली आज जन्मल्या असत्या, तर त्यांची पहिली तपासणी बाहुली पांढरी दिसण्याच्या कितीतरी आधी झाली असती.